चूल न पेटवता गाजराचा केक



थंडी पडली की बाजारात लाल गाजरांचे ढीग लागतात आणि घरोघरी हलव्याची कढई चढते. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. असा सरकत सरकत तो आता गाजरांच्या हंगामाजवळ आला आहे, त्यामुळे इफ्तारनंतरही गाजराचा हलवा हवाच असतो. पण आपल्या गोडाकडे जरा मोजदाद करून पाहा. शीरखुर्मा, फिरनी, खीर, शाही टुकडा, हलवा, बर्फी. प्रत्येकात दूध, नाहीतर खवा, नाहीतर तूप. केक करायचा म्हटलं तर अंडी आणि लोणी. ज्या मुलाला दूध चालत नाही, त्याने आपल्या दस्तरख्वानावर हात कुठे घालायचा?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझ्या नणंदेच्या मुलाला, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला, दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा श्वास लागला म्हणून रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तो कुणीही काही हातावर ठेवलं की आधी विचारतो, "मामी, हे मला चालतं?" ईदच्या दिवशी सगळी भावंडं शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसतात आणि त्याच्या हातात केळं असतं. शाळेतही असं एखादं मूल दिसतं. वर्गात वाढदिवसाचा केक वाटला जातो, तेव्हा ते आपला तुकडा मुकाट्याने डब्यात ठेवतं आणि सांगतं, "घरी बहिणीला देईन."

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. त्यांचं पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण त्यातले बरेच जण थोडं दही पचवू शकतात. अ‍ॅलर्जीचं तसं नाही. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजून उलटतं, आणि अगदी थोडं दूधही जिवावर बेतू शकतं. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये. मुलाला उचलून थेट रुग्णालय गाठावं.

आपल्याकडे प्रेमाने आग्रह करायची रीत आहे. "अरे, घोटभराने काय होतंय? नानीच्या हातचं आहे, खा बेटा." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी ही माया धोक्याची ठरते. काही समजुतीही घट्ट बसलेल्या आहेत. बकरीचं दूध चालेल असं सांगतात, पण त्यातली प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना ते चालत नाही. तुपात दूध कुठे राहिलं, असंही म्हणतात. पण तुपात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय तेही देऊ नये. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नका. हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, आणि आपल्या देशात दूध शाकाहारात मोडतं. दूध आहे की नाही हे घटकांच्या यादीत आणि अ‍ॅलर्जीच्या सूचनेत वाचावं लागतं.

दूध, अंडी, तूप, मध असं प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्यांना व्हीगन म्हणतात. त्यांच्यातले काही जण अन्न शिजवतही नाहीत. साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेलं त्यांना चालत नाही. अशा लोकांच्या स्वयंपाकघरातून न भाजता, न शिजवता केलेला गाजराचा केक आला. गोडात गाजर घालणं मात्र नवं नाही. युरोपात ते फार पूर्वीपासून घालत आले, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर मिळू लागली तेव्हा गाजराच्या गोडव्यावर लोकांनी भागवून नेलं.

आपल्याला व्हीगन व्हायचं नाही. सूरह नहलमध्ये दूध आणि मध या दोन्हींचा अल्लाहच्या नेअमती म्हणून उल्लेख आहे, आणि हलाल वस्तू स्वतःवर हराम करून घेऊ नये हीच शिकवण आपल्याला आहे. पण आजारामुळे एखादी वस्तू टाळणं वेगळं. आणि ज्याला ती चालत नाही त्याच्यासाठी इतरांनी एखाद्या दिवशी दुसरं गोड करणं ही तर मेहमाननवाजीच झाली. शिवाय या केकमध्ये आपल्या मनात शंका आणणारं काही नाही. जिलेटिन नाही. मद्यार्क असलेला व्हॅनिला इसेन्स नाही. सुगंधाला आपली वेलची पुरते.

आता साहित्य पाहू. सहा-सात इंची गोल डब्यात दहा-बारा लहान तुकडे होतात.

खालच्या थरासाठी: गाजरं २५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, अक्रोड १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ५० ग्रॅम, बेदाणे दोन मोठे चमचे, दालचिनीची पूड एक छोटा चमचा, सुंठ पूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर जायफळ, चिमूटभर मीठ.

वरच्या मलईसाठी: काजू १५० ग्रॅम, खजूर चार-पाच, नारळाचा घट्ट रस चार-पाच मोठे चमचे, खायचं खोबरेल दोन मोठे चमचे, लिंबाचा रस दोन मोठे चमचे, वेलची पूड, चिमूटभर मीठ.

कोकणातल्या भगिनींना नारळाचा रस सांगायला नको. बाकीच्या ठिकाणी त्याला नारळाचं दूध म्हणतात, आणि त्या नावाला लहान मुलं घाबरतात. "हे गाईचं नाही, नारळाचं आहे" असं त्यांना आधीच समजावून सांगा.

काजू पाच-सहा तास साध्या पाण्यात भिजत घाला. गाजरं स्वच्छ धुऊन, साल खरवडून बारीक किसा. ती शिजवायची नाहीत, म्हणून धुण्यात कसूर नको. कीस मलमलच्या कापडात घेऊन घट्ट पिळा. पिळला नाही तर केक ओला राहून सुटतो. निघालेला रस टाकू नका. खजूर कडक असेल तर दहा मिनिटं याच रसात भिजवा, म्हणजे पाणी घालावं लागणार नाही आणि चवही वाया जाणार नाही.

मिक्सरचं भांडं पूर्ण कोरडं करून अक्रोड-बदाम थांबत थांबत फिरवा, जाडसर रव्यासारखे. सलग फिरवले तर तेल सुटून लगदा होतो. ते परातीत काढा. मग भिजवलेला खजूर निथळून, थोडा थोडा घालून वाटा. आपल्या मिक्सरला खजूर जड जातो, एकदम सगळा घातला तर भांडं गरम होऊन पातं अडकतं. आता परातीत गाजराचा कीस, खजूर, खोबरं, बेदाणे, मसाले आणि मीठ घालून कणीक मळावी तसं हाताने मळा. मूठ वळून पाहा. लाडू बांधला गेला तर झालं. सैल वाटलं तर आणखी खोबरं, कोरडं वाटलं तर चमचाभर गाजराचा रस.

डब्यात बटर पेपर घाला. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं, पण डब्याला तूप किंवा लोणी मात्र लावू नका. मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवा. नीट दाबलं नाही तर कापताना भुगा होतो.

मलईसाठी काजू निथळून बाकीच्या साहित्याबरोबर अगदी गुळगुळीत वाटा, बोटांत घेतल्यावर कण लागता कामा नये. खजुरामुळे रंग पांढराशुभ्र न येता फिकट बदामी येतो. ही मलई थरावर पसरून डबा फ्रिजमध्ये किमान सहा तास, शक्यतो रात्रभर ठेवा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि मलई त्यामुळेच धरते. उन्हाळ्यात हा केक फ्रिजबाहेर काढून ठेवला तर मलई ढिली पडणारच. वाढायच्या वेळीच काढा, उरलेला लगेच आत ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. घरात फ्रिज नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल तर मलईच्या फंदात न पडता खालच्या मिश्रणाचे लाडू वळून खोबऱ्यात घोळवा आणि त्याच दिवशी संपवा.

काही गोष्टी आवर्जून सांगते.

मिक्सरचं भांडं आधी घासून घ्या. ज्या भांड्यात सकाळी लस्सी झाली, त्याच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात दूध राहतं. चमचे, किसणी, सुरी सगळं धुतलेलं हवं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा तुकडा सगळ्यांत आधी कापा, खव्याच्या बर्फीला लावलेली सुरी या केकला लागू देऊ नका.

यात अक्रोड, बदाम, काजू आहेत आणि त्यांचीही अ‍ॅलर्जी असते. पाहुण्यांच्या मुलांना द्यायचा असेल तर आईला विचारल्याशिवाय देऊ नका. सुकामेवा चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया वापरता येतील. अगदी लहान मुलांच्या घशात अक्रोडाचा तुकडा अडकू शकतो, त्यांच्यासाठी मेवा बारीकच वाटा.

साखर घातलेली नाही म्हणून घरातल्या मधुमेही माणसांनी पोटभर खावा असं नाही. खजुरात साखर भरपूर असते. त्यांनी लहानसा तुकडा घ्यावा, तोही रोजचं पथ्य सांभाळून.

कच्चं म्हणजे जास्त पौष्टिक, असंही समजू नका. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, आणि ते कच्च्यापेक्षा शिजवलेल्या गाजरातून जास्त मिळतं. स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्लं तर ते चांगलं शोषलं जातं. आपल्या आजींचा तुपातला हलवा त्या हिशेबाने शहाणपणाचाच होता. या केकमध्ये ते काम बारीक किसणं आणि मेव्यातलं तेल काही प्रमाणात करतं. शिवाय बाजारातला काजू खऱ्या अर्थाने कच्चा नसतोच. त्याच्या टरफलात त्वचा भाजणारं तेल असतं, म्हणून काजू बी वाफवून किंवा भाजूनच फोडतात, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा 'कच्चा' या शब्दासाठी जीव टाकू नका. अक्रोड महाग वाटले तर त्यांच्या जागी भाजलेले शेंगदाणे घ्या. केक 'कच्चा' राहणार नाही, पण दुधाविना राहील, आणि दूध न चालणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तेवढंच महत्त्वाचं. अर्थात शेंगदाण्याचीही अ‍ॅलर्जी असते, तेव्हा तेही आधी विचारून घ्या.

आणखी एक. हा केक त्या मुलासाठी वेगळा, लहान वाटीत करू नका. वेगळी वाटी आली की ते मूल पुन्हा सगळ्यांच्या नजरेत वेगळं पडतं. त्या दिवशी सगळ्यांचं गोड हेच असू द्या. हलवा दुसऱ्या दिवशी करता येतो. आणि ज्या वडीलधाऱ्या आग्रह करतात, त्यांना वाद घालून पटवण्यापेक्षा कामाला बसवा. आमच्या घरी सासूबाईंना खजुराच्या बिया काढायला आणि मिश्रण मळायला दिलं. स्वतःच्या हाताने केल्यावर त्यात काय आहे आणि काय नाही हे त्यांना तोंडपाठ झालं. आता कुणी पाहुणी त्या मुलाच्या हातात बिस्किट ठेवू लागली तर "आधी पाकीट दाखवा" असं त्याच म्हणतात.

मुलालाही किसणीपाशी नाही, पण परातीपाशी बसवा. लाडू वळू द्या. आपल्या खाण्यात काय चालतं आणि काय नाही हे त्याला न लाजता सांगता आलं पाहिजे, कारण शाळेत, लग्नात, शेजारी आपण प्रत्येक वेळी बरोबर असणार नाही. "नको, मला दूध चालत नाही" हे वाक्य त्याच्याकडून घरी मोठ्याने म्हणवून घ्या, आणि त्याने ते म्हटल्यावर घरातल्या कुणीही दुसऱ्यांदा आग्रह करू नये.

गाजरं आणताना फार जाड घेऊ नका, त्यांचा आतला दांडा कडक निघतो. मध्यम, लालबुंद आणि ताठ पाहून घ्या. काजू रात्री भिजत घातले तर सकाळी तासाभरात काम उरकतं आणि इफ्तारपर्यंत केक कापायला तयार होतो, इन्शाअल्लाह.