बॅगेवरचा आकडा कोणी तपासला?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, 18 मेला, परभणीत बियाण्यासाठी रांगा लागतात. विद्यापीठाचं बियाणं सगळ्यांना कुठून पुरणार? बाकीचे कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनची बॅग उचलतात. तिथे टॅगचा रंग बघावा.

निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा. प्रमाणीकरण यंत्रणेच्या माणसांनी उभ्या पिकाची पाहणी केलेली असते, नमुनाही तपासलेला असतो. हिरवं लेबल सत्यतादर्शक बियाण्याचं. त्यावरची उगवणशक्ती कंपनीनेच तपासलेली आणि कंपनीनेच छापलेली. 1966च्या बियाणे कायद्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलंय, म्हणून यात बेकायदा काही नाही. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी, हे बंधन मात्र दोन्हींना आहे.

माल बनवणाऱ्यानेच तो तपासावा, याला माझा विरोध नाही. विमानाच्या सुट्या भागांतही हे चालतं. प्रत्येक भाग पुन्हा तपासणं मोठ्या कारखान्याला परवडत नाही, मग ते काम पुरवठादारावर सोपवलं जातं. पण त्या उद्योगाचं एएस 9100 हे मानक तिथेच थांबत नाही. कोणती तपासणी कोणाकडे आणि कुठवर सोपवली, याची नोंदवही ठेवावी लागते. पुरवठादार ती नीट करतो का, हे ठरावीक काळाने पाहावं लागतं. आणि भाग सदोष निघाला तर ‘पुरवठादाराने तपासला होता’ म्हणून कारखान्याला हात झटकता येत नाहीत.

बियाण्यात आपण काम सोपवलं, पाळत मात्र तोकडी ठेवली. 2020चा खरीप आठवा. आदल्या ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं. या बियाण्याचं टरफल पातळ, कोंब त्याच्या लगेच खाली. मळणीत, हमालीत आपटलं तरी उगवण घटते. मराठवाड्यात बियाणं न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तक्रारी महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या प्रमाणित बियाण्याबद्दलही होत्या, हे विसरून चालणार नाही. म्हणजे नुसत्या निळ्या टॅगनेही भागत नाही. साठवणुकीनंतर, पेरणीच्या तोंडावर पुन्हा तपासणी लागते.

आज ती तपासणी शेतकऱ्याच्या गळ्यात पडते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवा आणि कोंब मोजा, हा कृषी विभागाचा सल्ला चांगलाच आहे, जरूर पाळावा. पण पैसे मोजून घेतलेल्या बियाण्याची खात्री गिऱ्हाइकानेच का करायची? उगवलं नाही की तालुका समितीचा पंचनामा, मग पेर खोल गेली की ओल कमी होती यावर वाद, आणि तोवर दुबार पेरणीसाठी उसनवारी.

परभणीत सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. हिरव्या लेबलाच्या प्रत्येक लॉटची चाचणी कुठे आणि कधी झाली, हे कृषी विभागाने मे महिन्यातच जाहीर करावं. कंपन्यांच्या गोदामातून अचानक नमुने उचलून इथे तपासावेत आणि निकाल पेरणीआधी तालुक्याच्या फलकावर लावावेत. ज्या कंपनीचा छापील आकडा वारंवार खोटा ठरेल, तिची स्वतः तपासण्याची मुभा काढून घ्यावी. पुढचे काही हंगाम तिने निळ्या टॅगशिवाय बॅग विकू नये. त्यासाठी कायदा बदलावा लागला तर बदलावा.