गृहविवेक : उजळ दिवाणखान्यात खेळासाठी मॉनिटर निवडताना



एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे. त्यांचा मुलगा अकरावीत शिकतो. त्याचा अभ्यास आणि संगणकावरचे खेळ, दोन्ही दिवाणखान्यातील टेबलावर चालतात. दिवाणखाना पश्चिमेकडचा असून त्याला दोन मोठ्या खिडक्या आहेत. दुपार कलली की स्क्रीनवरचे काही दिसत नाही, अशी मुलाची तक्रार आहे. संगणक आतल्या खोलीत हलवावा, खिडक्या झाकून घ्याव्यात आणि त्या अंधारात शोभेल असा महागडा ओलेड मॉनिटर आणावा, हा त्याने सुचवलेला उपाय. बंद खोलीला आईचे मन तयार होत नाही. मात्र मुलाची अडचण खोटी आहे असेही त्यांना वाटत नाही.

अडचण खरीच आहे, आणि आपल्या घरांत ती अधिकच जाणवते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम जेथे पाळला जातो, तेथे मुलांना खेळायला मोकळा वेळ मिळतो तो दुपारी चार ते सहाच्या सुमारास. नेमका त्याच वेळी मावळतीकडचा तिरपा प्रकाश घरात शिरतो. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेले गुण मात्र बहुधा अंधाऱ्या खोलीत मोजलेले असतात. तो आकडा असत्य नसतो; एका अपेक्षेने तो सत्य असतो. ती अपेक्षा आपल्या घराला लागू पडते का, हे आपण पाहायचे.

यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. स्क्रीनची प्रखरता ‘निट’ या एककात मोजतात आणि खोलीतील उजेड ‘लक्स’मध्ये. समजा, एका साध्या आयपीएस मॉनिटरची प्रखरता ३०० निट आहे आणि पांढऱ्या-काळ्यातील भेद, ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, तो १००० पट आहे. म्हणजे त्याचा काळा रंग ०.३ निट इतका गडद. आता स्क्रीनवर ५०० लक्स उजेड पडतो आणि त्यातील २ टक्के विखरून आपल्या डोळ्यांकडे परततो, असे धरू. या परतलेल्या उजेडाने स्क्रीनच्या प्रत्येक बिंदूवर सुमारे ३.२ निटांची भर पडते. पांढऱ्याला ती जाणवतही नाही, परंतु ०.३ निटांचा काळा ३.५ निटांचा होतो. १००० पटींचा भेद अवघ्या ८७ पटींवर येतो. खेळातील अंधारी गुहा करडी दिसते आणि कोपऱ्यातला खेळाडू दिसेनासा होतो, त्याचे कारण हे आहे.

याच उजेडात इतर पर्याय ठेवून पाहू. ३००० पट कॉन्ट्रास्टचा, पण ३०० निटांचाच व्हीए मॉनिटर घेतला तर भेद ९२ पटींवर जातो. म्हणजे तिप्पट गुणाचा लाभ जवळजवळ शून्य. ओलेडचा काळा रंग अंधारात परिपूर्ण असतो, परंतु पूर्ण पांढरे चित्र असताना अशा अनेक मॉनिटरांची प्रखरता २५० निटांच्या आसपासच राहते. अशा स्क्रीनवर हा भेद ८० पटींवरच थांबतो. ४५० निटांचा आयपीएस मॉनिटर १२५ पटींपर्यंत पोहोचतो. आणि खिडकीला पडदा लावून स्क्रीनवरचा उजेड ५०० वरून २५० लक्सवर आणला, तर पहिल्याच साध्या मॉनिटरचा भेद १६० पटींच्या घरात जातो! काही शे रुपयांचे कापड येथे काही हजारांच्या यंत्रावर मात करते.

म्हणून पहिला खर्च खिडकीवर करावा. खोली काळोखी करणारा जाड पडदा नको. पांढरा झिरझिरीत पडदा किंवा चिकाचा पडदा पुरतो. दुसरा उपाय तर विनामूल्य आहे : टेबल फिरवावे. खिडकी पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब स्क्रीनवर पडते. स्क्रीनच्या मागे असेल तर डोळे दिपतात. खिडकी उजव्या किंवा डाव्या हाताला, स्क्रीनशी काटकोनात येईल अशी रचना सर्वांत सुखाची. वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसत असेल तर स्क्रीन किंचित पुढे झुकवावी. एवढे करून आठ दिवस पाहावे. कित्येक घरांत खरेदीची गरज येथेच संपेल.

तरीही नवा मॉनिटर घ्यायचा ठरला, तर उजळ खोलीसाठी पुढील गोष्टींचा विचार करावा.

पहिली, प्रखरता. सर्वसाधारण मॉनिटर २५० ते ३०० निटांचे असतात. उजळ खोलीसाठी किमान ३५० आणि शक्य तर ४०० निट असावेत. खोक्यावर ‘डिस्प्ले एचडीआर ४००’ असे प्रमाणचिन्ह असेल तर ती प्रखरता किमान क्षणभर तरी गाठली जाते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. मिनी-एलईडी प्रकारचे मॉनिटर याहून पुष्कळ प्रखर असतात, पण त्यांची किंमतही त्या प्रमाणात चढते.

दुसरी, पृष्ठभाग. चकचकीत काच आरशासारखे वागते. पांढरा सदरा घातलेला माणूस त्या स्क्रीनमध्ये स्वतःलाच पाहत बसतो. मॅट पृष्ठभाग प्रतिबिंब विस्कटून टाकतो. चित्राची धार थोडी कमी होते खरी, परंतु खिडकीच्या खोलीत तोच बरा. बाकदार मॉनिटर अंधारात आकर्षक वाटला, तरी त्याच्या खोलगट पृष्ठभागावर खिडकीचा उजेड लांबट ओघळासारखा पसरतो.

तिसरी, पॅनेलचा प्रकार. आयपीएसवर बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. दिवाणखान्यात धाकटे भावंडही शेजारी बसून पाहत असते, तेथे हा गुण मोलाचा. व्हीएचा गडद काळा रंग दिवसा वाया जातो हे वर आलेच आहे. शिवाय अनेक व्हीए मॉनिटरांत अंधाऱ्या दृश्यातील हलत्या वस्तूंमागे काळसर पुसट रेघ उमटते. क्यूडी-ओलेड जातीच्या बऱ्याच स्क्रीनवर भर उजेडात काळा रंग जांभळट-करडा दिसतो. तसेच ओलेडवर एकच स्थिर चिन्ह दीर्घकाळ प्रखरपणे राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटण्याची भीती असते. ओलेड वाईट आहे असे नव्हे. या घरासाठी, या वेळेसाठी तो अयोग्य आहे.

चौथी, वेग. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. हा फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. त्यापुढे २४० किंवा ३६० हर्ट्झसाठी मोजलेला पैसा सामान्य खेळाडूच्या हाती फारसे काही देत नाही, आणि संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला तितकी चित्रे निर्माण करता आली नाहीत तर तो वेग नुसताच पडून राहतो. आकाराचे म्हणाल, तर हात लांब करून बसण्याच्या अंतरावर २४ इंचांना १९२० × १०८० आणि २७ इंचांना २५६० × १४४० बिंदू ही जोडी योग्य ठरते.

दुकानात गेल्यावर फुलांची आणि समुद्राची भडक चित्रे पाहून निर्णय घेऊ नये. मॉनिटर बंद करायला सांगून त्यात दुकानातील दिवे किती स्पष्ट दिसतात ते पाहावे. मग तो सुरू करून एखादे अंधारे दृश्य लावायला सांगावे आणि कोपऱ्यांतील वस्तू ओळखता येतात का ते तपासावे. मुलाला बरोबर न्यावे. ही परीक्षा त्यानेच घ्यावी. घरी आल्यावर दिवसा प्रखरता वाढवावी आणि रात्री आठवणीने उतरवावी, नाहीतर दुपारी उपकारक ठरलेले ४०० निट रात्री डोळ्यांना टोचतात.

आता आईच्या मनातील मूळ शंकेकडे वळू. सोमदेवसूरींच्या इ. स. ९५९ मधील ‘यशस्तिलकचम्पू’तील यशोधर राजाची कथा आपल्यापैकी अनेकांनी पाठशाळेत ऐकली असेल. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजाचे मन धजेना, तेव्हा मातेच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा देवीपुढे मारला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी मारण्याचा भाव होता, म्हणून माता-पुत्रांना पुढे पशुयोनीत जन्मोजन्मी भटकावे लागले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील सीमारेषा याहून स्पष्ट करून सांगणारी कथा विरळा. स्क्रीनवरचा शत्रू हा आजच्या मुलांचा पिठाचा कोंबडा आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

परंतु सर्व खेळ एका मापाने मोजणे हाही अन्याय. मोटारींची शर्यत, फुटबॉल, बुद्धिबळ, नगररचनेचे खेळ यांत कौशल्य आहे, मैत्री आहे. कोणता खेळ कोणता भाव जागवतो, हे मुलाशी बोलल्यावाचून कळत नाही, आणि असे बोलणे दिवाणखान्यात सहज होते. पाणी न्यायला आलेली आई “आज कोण जिंकले रे?” असे विचारू शकते. बंद खोलीचे दार उघडून विचारलेला तोच प्रश्न झडती ठरतो.

तेव्हा त्या भगिनींना माझे सांगणे असे : संगणक आहे तेथेच असू द्या, पण मुलाची तक्रार मनापासून ऐका. टेबल त्याच्याकडूनच फिरवून घ्या, पडदा लावा. त्यानंतरही उणीव भासली तर दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी दोघांनी मिळून रकमेची मर्यादा कागदावर लिहा. परिग्रहपरिमाणाचे अणुव्रत मुलांना समजावण्याची याहून सोपी संधी क्वचितच मिळते. त्या मर्यादेत बसणारा २४ किंवा २७ इंचांचा, मॅट पृष्ठभागाचा, ४०० निटांच्या आसपासचा, १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर त्याला पुरेसा आहे. जुना मॉनिटर चालू स्थितीत असेल तर माळ्यावर न टाकता एखाद्या गरजू विद्यार्थ्याला किंवा पाठशाळेला द्यावा.