लोखंड शाबूत, रबर संपलेले

रत्नागिरी पासिंगची वीस वर्षांची फोर बाय फोर आणि तेवढ्याच वयाची आपल्या बीडची, एमएच-२३ची गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून टॉर्च मारा. पहिलीच्या चेसिसला हातोडीची दांडी लावली तर पापुद्रे पडतील. दुसरीवर लाल धूळ, वंगणाचे जुने थर आणि खाली धड लोखंड. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे सरासरी सातशेच्या आतबाहेर, तोही दुष्काळी वर्षात रुसलेला. शेतीला मारणारे हे हवामान गाडीच्या सांगाड्याला मात्र मानवते. म्हणून आष्टी-पाटोद्याकडचा किंवा गेवराईचा एखादा मालक तुमच्या गॅरेजवर येऊन ‘शेडमधली पजेरो घरीच उभी करायची आहे, तुम्ही फक्त येत-जात राहा’ असे म्हणाला, तर त्याला हसून घालवू नका. त्याच्याकडे निम्मी गाडी जिवंत असते. उरलेली निम्मी काय असते, हे त्याला ठाऊक नसते. या अंकाचा विषय तोच आहे.

पजेरो एसएफएक्स आपल्याकडे २००२ च्या सुमारास आली. हिंदुस्तान मोटर्स ती चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला जोडत असे, २.८ लिटरचे ४एम४० टर्बो डिझेल इंजिन, टायमिंग चेनवर चालणारे. दशकभर ती ठेकेदार, पुढारी आणि कारखान्याच्या संचालकांची गाडी होती. मग पजेरो स्पोर्ट आली, पुढे मित्सुबिशीची इथली विक्रीच थांबली, आणि २०२१ मध्ये जपानमध्येही पजेरोचे उत्पादन संपले. त्याच वर्षी सप्टेंबरात फोर्डने भारतातले कारखाने बंद करण्याचे जाहीर केले आणि एन्डेव्हरवाल्यांच्या पोटात गोळा आला. चाकणला जोडलेली रेक्स्टन, शेंद्र्याला जोडलेल्या जुन्या ऑडी क्यू-५, क्यू-७ याही आता त्याच वाटेवर आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एका सौद्यात १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा मराठवाड्यात महागडी गाडी येते याची देशभर बातमी झाली. त्या गाड्यांची पंधरा वर्षे २०२५ मध्ये भरली, याची बातमी कुणी केली नाही. ते काम आपल्या पदरात पडणार आहे.

मालकाला वाटते गाडी इंजिनने जाते. आपल्याकडे ती आधी रबराने जाते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याची शेड आणि बॉनेटखाली कोंडलेली उष्णता. यात होज पाईप, बुश, ऑइल सील, ब्रेकचे होज आणि वायरिंगचे कनेक्टर कडक होऊन तडकतात. शेजारी धान्याची पोती असली की उंदीर वायरिंगमध्ये घर करतात. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून मालक खूश असतो. साइडवॉलवरचे चार आकडे वाचून दाखवा. ३२१४ म्हणजे २०१४ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही असो, तो बदलायचाच. आणि चारही एकाच मापाचे, एकाच मेकचे घ्यायला लावा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा झाला की त्याची किंमत ट्रान्सफर केस मोजते.

आता एकच तक्रार जवळून पाहू, कारण पजेरोत ती हमखास असते. मालक म्हणतो, ‘फोर बाय फोर लागत नाही, डॅशबोर्डवर चाकांचे हिरवे दिवे नुसते लुकलुकतात.’ नवखा मेकॅनिक थेट ट्रान्सफर केस उतरवायच्या गोष्टी करतो. या गाडीत पुढच्या ॲक्सलचा जोड व्हॅक्यूमवर लागतो-सुटतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखे स्वतःचे सक्शन नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप. तिथून बारीक नळ्या, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि शेवटी ॲक्सलवरचा ॲक्चुएटर. चाक जोडल्याचा निरोप स्विचकडून पोचेपर्यंत दिवा लुकलुकत राहतो. ॲक्चुएटरची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडी सरकली आणि व्हॅक्यूम टिकला, तर डायफ्रॅम ठीक. मग मागे मागे या: सोलेनॉइड टिचकतो का, त्याला करंट येतो का, नळी कुठे चिरली आहे का. बऱ्याचदा दोष एखाद्या वितीएवढ्या कडक झालेल्या नळीत सापडतो. शिवाय ब्रेक बूस्टरलाही व्हॅक्यूमच लागतो, त्यामुळे फोर बाय फोरची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘ब्रेक कडक लागतो का’ हेही विचारून घ्या.

इतके करायचा कंटाळा म्हणून कुणीतरी पूर्वी ॲक्चुएटर तारेने बांधून टाकलेला असतो. गाडी चालते, पण पुढचा शाफ्ट कायम फिरत राहतो, ॲव्हरेज घटते आणि दिव्याची वायर कापलेली असल्याने पुढच्या माणसाला काही उमगत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीत वयाने केलेल्या नुकसानीपेक्षा आपल्याच भाईबंदांच्या जुगाडाने केलेले नुकसान निस्तरणे जास्त महाग पडते. वय सगळीकडे सारखे पसरते, ते कुठे शोधायचे हे कळते. कापून, पिळून, टेप गुंडाळलेली वायर कुठून कुठे गेली हे देवालाच ठाऊक.

थर्मोस्टॅटचेही तसेच. ‘उन्हाळ्यात काढून टाका’ हा सल्ला तीन पिढ्या चालत आला आहे. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच येतो, आणि घाट चढताना काटा लालमध्ये जातो. मांजरसुंब्याच्या चढावर एसी लावला की हे दिसते. त्यात भर बोअरच्या पाण्याची. आपल्या भागातल्या जड पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते. तीच रेडिएटरच्या कोरमध्ये आणि वॉटर जॅकेटमध्ये धरते. मग हेड गॅस्केट, मग हेडला तडा. हेड फेस मारून देणारा लेथवाला जिल्ह्यात मिळतो, तडकलेल्या हेडवर त्याचाही इलाज चालत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी याचा खर्च मालकाला जास्त वाटला तर त्याला नव्या हेडचा भाव विचारून यायला सांगा.

घरच्या कामात मालकाला रंगाची घाई असते. पाहुण्यांना रंगच दिसतो. क्रम मात्र ब्रेक, कूलिंग, डिझेलची टाकी, वायरिंग, सस्पेन्शन, आणि सर्वांत शेवटी डेंटिंग-पेंटिंग असाच ठेवा. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गाळ असतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय सेल्फ मारू देऊ नका, नाहीतर पंप आणि नोझलचे बिल वाढते. आणि एक गोष्ट दटावून सांगायची: दोन टनांच्या आसपासची ही गाडी विटांवर, दगडावर किंवा नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली शिरायचे नाही. लोखंडी स्टँड नसतील तर त्या दिवशी काम नाही. घरी मुले मदतीला येतात, म्हणून हे जास्तच.

सामानासाठी पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत कश्मीरी गेट आणि मायापुरी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. जुना गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल घेताना फोटोवर भरवसा नको. पार्ट नंबर आणि दात मोजून घ्या. रबराचा माल मात्र जुना अजिबात नको. निघालेली होज ही तुमच्याच होजच्या वयाची असते.

कागदांचे काम पाना उचलण्याआधीचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे आणि आयात गाडीची ४०,०००. ऑगस्ट २०२५ च्या बदलाने वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० आणि आयात असल्यास ८०,००० रुपये झाली. तिरुवल्लूरची पजेरो आणि जहाजातून उतरलेली मोंटेरो किंवा प्राडो यांच्या मालकांना हा फरक काम सुरू होण्याआधी सांगा. मधल्या काळाचे विलंबशुल्कही आरटीओत विचारून ठेवायला लावा. व्हिंटेजच्या सवलतीची आशा नको, २०२१ च्या नियमाने त्याला पन्नास वर्षे लागतात. इंजिन बदलायचे असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते: आधी परवानगी, मग चेन-पुली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. ना-हरकत हातात नसताना तशी गाडी ‘घरी बनवायला’ घेणारा मालक कामाच्या शेवटी तुमच्याकडेच तोंड पाडून येईल.

राहिली मजुरी. घरच्या प्रकल्पात मालक सामानाला पैसे मोजतो आणि मजुरीला घासाघीस करतो, कारण निम्मे नटबोल्ट त्याने स्वतः खोललेले असतात. खोलताना कुठले कुठे ठेवले हे त्याला आठवत नाही, ते शोधण्यात तुमचा दिवस जातो. तेव्हा पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर लिहून सही घ्या: तपासणीची फी वेगळी, गाडी चालू होवो न होवो, घरी येण्याचा दर वेगळा, गावाच्या अंतराप्रमाणे, मालकाने आणलेल्या सामानाची हमी आपली नाही. कापलेली जुनी वायर सापडली तर तिचा फोटो काढून त्याला त्याच दिवशी पाठवा. आणि ऊसतोडीच्या हंगामात तारीख देऊ नका. तेव्हा ट्रॅक्टर-ट्रकची रांग दारात असते, पजेरो पाडव्यापर्यंत थांबू शकते.