द्व्यर्थाचे राजकारण आणि समीक्षेची सोय

दादा कोंडके यांच्या चित्रपटांबाबत मराठी समीक्षेने दोन सोयीस्कर भूमिका घेतल्या. आधी त्यांना अश्लील ठरवून चर्चेबाहेर ठेवले. पुढे बाख्तीनचा ‘कार्निव्हल’ हाती आल्यावर त्याच द्व्यर्थाला प्रस्थापितविरोधी विद्रोह म्हणून गौरविले. दोन्ही भूमिकांत चित्रपट पाहण्याचे श्रम वाचतात.

ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीने (१९६४–८५) १९६८ नंतर राजकीय चित्रपटांची कोंडी केली, आणि सत्तरच्या दशकात तेथे ‘पोर्नोशांशादा’ हे चावट विनोदपट फोफावले. आणीबाणी ही लष्करी राजवट नव्हती, आणि कोंडक्यांची लोकप्रियता ‘सोंगाड्या’पासूनची (१९७१), हे साम्य जपूनच वापरावे लागते. तरीही ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट होत होत्या त्या काळात ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६) पडद्यावर आला, याचा अर्थ लावणे भाग आहे.

तो अर्थ ‘विच्छा माझी पुरी करा’पाशी (१९६५) सापडतो. वसंत सबनीसांच्या त्या वगात चावटपणा आणि राजकीय टोमणा एकाच बतावणीत नांदत. हवालदार झालेले कोंडके चालू राजकारणावर पदरच्या कोट्या करीत. नाटकाची संहिताही परीक्षण मंडळापुढे जातेच, पण प्रयोग रोज नवा घडतो. चित्रपटाची प्रत मात्र एकदाच गोठते आणि गोठलेल्या अवस्थेतच तपासली जाते. कात्री चालण्यापूर्वीच माध्यमाने बतावणीतील ‘आज’ कापलेला असतो. उरतो तो द्व्यर्थ. आणि तो कापता येत नाही, कारण दुसरा अर्थ पडद्यावर नसतो, दादरच्या वा दातिवऱ्याच्या प्रेक्षकाच्या कानात असतो. यालाच सेन्सॉरवरील विजय म्हटले गेले.

पण ज्या अर्थाची जबाबदारी बोलणारा घेत नाही, त्याची किंमतही त्याला मोजावी लागत नाही. कऱ्हाडच्या संमेलनात (१९७५) दुर्गा भागवतांच्या शब्दांना दुसरा अर्थ नव्हता. त्यांना तुरुंगात जावे लागले. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) द्व्यर्थाच्या आडोशाला गेले नाही. त्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) हसे होते ते गणवेशातील सर्वांत खालच्या माणसाचे. त्याला हुकूम सोडणारी सत्ता त्या हास्याच्या कक्षेत येतच नाही. ‘कार्निव्हल’मध्ये राजाचा मुकुट उतरविला जातो, येथे शिपायाची टोपी तेवढी उडते. शिवाय दुसरा अर्थ बहुधा पडद्यावरील स्त्रीच्या देहावर येऊन पडतो, आणि या मुक्त हास्यात ती हसणाऱ्यांत असते की हसण्याच्या विषयांत, हा प्रश्न विद्रोहाच्या गौरवगाथांतून सहसा उपस्थित होत नाही.