कैलास लेण्याचा हत्ती आता क्रोशावर. पण विणणाऱ्या बाईच्या हातात किती?

खुलताबाद : वेरूळच्या 16 नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, आत शिरलं की अंगणात दगडी हत्ती उभा दिसतो. सोंड तुटलेली, अंगावर काळाचे घाव, पण पाय अजून खांबासारखे भक्कम. मुख्य मंदिराच्या जोत्याला तर हत्तींची रांगच आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. हाच हत्ती आता लोकरीत उतरला आहे. तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या महिलांनी वीतभर उंचीचा, आत कापूस भरलेला, करड्या रंगाचा हत्ती क्रोशाच्या सुईवर विणला आणि तो मोबाईलच्या स्टेटसवरून हा हा म्हणता गावोगाव पोहोचला.

कौतुक झालं, फोटो झाले. आता प्रश्न पुढचा आहे. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं गटापुढे 500 हत्तींची ऑर्डर ठेवली आहे. लोकर त्याची, मजुरी नगाला 60 रुपये, माल महाशिवरात्रीच्या आत हवा. घ्यावी की सोडावी यावर गटात दोन तट पडलेत. वरवर पाहता ही एका गटाची घरगुती बाब वाटेल. पण खेळण्यांवरचा कायदा, जीएसटी, सप्टेंबरची अतिवृष्टी आणि बायकांच्या ‘रिकाम्या वेळा’ची किंमत असं सगळं यात येऊन बसलं आहे.

आधी काम काय आहे ते बघू. क्रोशा आपल्याकडं नवा नाही. टीव्हीवरचा रुमाल, दाराचं तोरण, बाळाची टोपडी हे घरोघरी झालेलं आहे. नवं आहे ते गोल विणून आत भरण घालायचं तंत्र. जपानी लोक त्याला अमिगुरुमी म्हणतात. मुलींनी ते मोबाईलवरचे व्हिडिओ बघून उचललं आणि आई-मावश्यांना शिकवलं. सुरुवात दोऱ्याच्या एका फासातून होते. त्यात सहा मुके खांब, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस असा गोल वाढत जातो. हवी तेवढी जाडी आली की तेवढ्याच टाक्यांवर सरळ फेऱ्या, आणि शेवटी दोन टाक्यांचा एक करत तोंड मिटवायचं. सुई लोकरीच्या मानानं बारीक घ्यावी लागते. वीण सैल पडली की आतला कापूस बाहेर डोकावतो.

कैलास लेणं वरून खाली कोरलं गेलं, आधी शिखर आणि मग पाया. हा हत्तीही डोक्यापासून सुरू होऊन पायांवर संपतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ज्यांनी डोंगर फोडला त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, तसं विणणारीचंही नाव हत्तीवर नसतंच.

गटात पहिला वाद झाला तो सोंडेवरून. अंगणातला हत्ती जसा आहे तसा, सोंडेविना करायचा की अख्खा? एक जण म्हणाली, तुटका हत्ती कोण घेईल, लेकरं रडतील. दुसरीचं म्हणणं, सोंड लावली तर तो कुठलाही हत्ती झाला, वेरूळचा कसा राहील? शेवटी सोंड लावायची ठरलं, पण पाय जाड आणि रंग लेण्याच्या काळ्या पाषाणासारखा. विक्रीच्या दृष्टीनं दुसरीचं म्हणणं जास्त बरोबर होतं असं दिसतं. सोंड असलेले कापडी हत्ती बाजारात ढिगानं आहेत.

आता हिशेब. हात बसलेल्या बाईलाही वीतभर हत्तीला साधारण सात तास लागतात. लोकर 50 रुपयांची धरा, भरण 10, डोळ्यांचा दोरा, लेबल आणि पिशवी मिळून 15. माल झाला 75 रुपयांचा. मजुरी काय धरायची? रोजगार हमीचा 2025-26 चा राज्यातला दर दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. सात तासांचे 273. म्हणजे उन्हात माती उचलायच्या दरानं जरी मजुरी धरली, तरी हत्ती 348 रुपयांना पडतो. यात लेण्यापर्यंतचं गाडीभाडं नाही, न विकलेला माल नाही, फसलेले नग नाहीत. 400 च्या खाली विकणं म्हणजे घरचं घालणं.

लेण्याबाहेर मात्र पर्यटक 400 ऐकला की 100 पासून सुरू करतो आणि 150 वर येऊन थांबतो. 150 ला दिला तर माल वजा जाता 75 उरतात, तासाला 11 रुपयेसुद्धा पडत नाहीत. व्यापाऱ्याच्या 60 रुपयांत तर तासाला साडेआठच्या आसपास. वेचणीला गेलेली बाई हा आकडा ऐकून हसेल.

इथं एक गोष्ट गिऱ्हाइकालाही सांगायला हवी. स्वेटर मशीनवर निघतो, पण खरं क्रोशाकाम करून देणारं यंत्र कारखान्यांत अजून आलेलं नाही. जगात कुठंही, कितीही स्वस्त मिळालेली क्रोशाची बाहुली ही कुणीतरी हातानंच विणलेली असते. मोठ्या दुकानात ती 199 ला दिसली तर वस्तू स्वस्त नसते, तिथला हात स्वस्त असतो.

आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं नरसापूर हे याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. हजारो बायका घरात बसून विणू लागल्या आणि माल परदेशात जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथं राहून या कामावर पुस्तक लिहिलं, ते 1982 मध्ये आलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. या बायकांना कामगार न म्हणता ‘गृहिणी’ म्हटलं गेलं, त्यांचं विणणं फावल्या वेळातलं धरलं गेलं, आणि म्हणूनच इतकी कमी मजुरी देणं चालून गेलं. व्यापार आणि पैसा पुरुषांच्या हातात राहिला. नरसापूरच्या क्रोशाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काम सुरू झाल्यापासून मान मिळायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. व्यापाऱ्यानं गटाला काय सांगितलं? ‘ताई, रिकाम्या वेळातच तर करायचंय.’ शब्द तोच.

आणि रिकामा वेळ आहे कुणाकडं? पर्यटकांचा हंगाम दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत. कापूस वेचणीचा हंगामही नेमका तोच. 500 हत्ती गुणिले सात, म्हणजे साडेतीन हजार तास. दहा जणींत वाटले तर प्रत्येकीला 350. रोज चार तास काढले तरी 88 दिवस. दिवसा वेचणी, संध्याकाळी चूल आणि रात्री लाईट असली तर हत्ती.

तरीही गटातल्या निम्म्या बायका ऑर्डर घ्यायची म्हणतात, आणि त्यांना नावं ठेवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली, कपाशीची बोंडं झाडावरच सडली. मध्यम धाग्याच्या कापसाला 2025-26 मध्ये 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल हमीभाव जाहीर होता, पण भिजलेल्या कापसाला तो कोण देतो? त्यात ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, मुदत डिसेंबरअखेर केली. अशा वर्षी 500 नगांचे 30 हजार रुपये रोख दिसत असतील तर दहा घरांना वाट्याचे तीन-तीन हजारही मोठे वाटतात. किराणा आणि शाळेची फी तासाचा दर विचारत नाही.

काही पुढारी मंडळी अशा उपक्रमांच्या भाषणात ‘आपल्या कापसालाही बाजार मिळेल’ असं ठोकून देतात. तेही तपासून बघू. एका क्विंटल कापसातून सरकी काढून साधारण 34 किलो रुई निघते. एका हत्तीला 50 ग्रॅम भरण धरलं तर एका क्विंटलात 680 हत्ती भरतात. म्हणजे ही सगळी ऑर्डर मिळून एक क्विंटल कापूसही खपत नाही. शिवाय बहुतेक जणी कापूस वापरतच नाहीत. तो धुतल्यावर गोळा होतो, म्हणून पॉलिएस्टरचं फायबर भरतात. कापसाचा प्रश्न हत्तीच्या पोटात सुटणार नाही.

कायद्याची बाजू मात्र गटात कुणाला माहीत नव्हती, आणि धोका तिथंच जास्त आहे. केंद्रानं 2020 मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून केलेली कुठलीही वस्तू विकायची तर तिच्यावर आयएसआय चिन्ह लागतं. कापडी, लोकरीची, कापूस भरलेली बाहुली यात आली. परवाना आणि चाचण्या हे बचत गटाच्या आवाक्याबाहेरचं प्रकरण. सरकारनं एक दार ठेवलं आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना यातून सूट आहे. म्हणजे ‘पहचान’ कार्ड असलेली बाई हत्ती विकू शकते, आणि तिच्याच शेजारी बसून तोच हत्ती विणणारी कार्ड नसेल तर अडचणीत येऊ शकते.

लेबलवर ‘शोपीस’ लिहिलं की सुटलो, असं काही जणी म्हणतात. हत्तीला गोंडस डोळे लावून तो लेकराच्या हातात देणार आणि वर शोपीस म्हणणार, हे टिकणं अवघड आहे. त्यापेक्षा कार्ड काढणं बरं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लेकराच्या जिवाची काळजी घ्यावीच लागेल. मणी किंवा बटणाचे डोळे तुटून लहान मुलाच्या घशात जातात, म्हणून डोळे काळ्या दोऱ्यानंच विणलेले असावेत. गटानं पहिल्या खेपेला मणी लावले होते, आता बंद केलेत.

जीएसटीबद्दलही गैरसमज आहे. सप्टेंबर 2025 मध्ये खेळण्यांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा ‘बचत गटांना दिलासा’ अशा बातम्या फिरल्या. पण वर्षाला 40 लाखांच्या आत माल विकणाऱ्याला राज्यात नोंदणीच लागत नाही, गट त्याच्या जवळपासही नाही. फायदा झाला तो कारखान्याच्या मालाला. तो स्वस्त झाला आणि गटाचा हत्ती त्याच्या शेजारी आणखी महाग दिसू लागला. हां, कृत्रिम धाग्यावरचा करही 12 वरून 5 वर आला, त्यामुळं ॲक्रिलिक लोकरीत दोन-चार रुपये वाचतील. आयात खेळण्यांवरचं शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्के केलं, त्यानं चिनी मालाला आळा बसला, पण गटाची स्पर्धा चीनपेक्षा देशातल्याच मशीनवरच्या मऊ खेळण्यांशी आहे.

पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात पारंपरिक बाहुली व खेळणी बनवणारे आहेत. अवजारांसाठी 15 हजार, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, पाच टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. पण ‘पारंपरिक’ या शब्दावर गाडी अडू शकते. व्हिडिओ बघून दोन वर्षांपूर्वी शिकलेली कला परंपरा कशी, असं सरपंचांनी विचारलं तर? शिवाय एका कुटुंबात एकालाच लाभ. घरात नवऱ्यानं सुतार म्हणून अर्ज भरला असेल तर बायकोचा हत्ती बाहेरच.

विक्रीची जागा हा आणखी एक तिढा. संरक्षित स्मारकाच्या आत पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय काही विकता येत नाही, ते योग्यच आहे. बाहेरच्या दुकानांत गारगोट्या, माळा, दगडी मूर्ती यांची वर्षानुवर्षांची बसलेली घडी आहे. तिथं हत्ती ठेवायचा तर दुकानदाराचा वाटा आला. उमेद अभियानातून मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जागा मिळाली तर भाव बरा मिळतो, पण ते वर्षातले मोजके दिवस.

यातून वाट नाहीच असं नाही. किल्लीला लावायचा दोन इंची हत्ती दीड तासात होतो. माल 20 रुपयांचा, मजुरी रोजगार हमीच्या दरानं 58, म्हणजे 80 च्या आत पडतो आणि 100 ला पर्यटक फारशी घासाघीस करत नाही. मोठा हत्ती फक्त ऑर्डरनं, 450 रुपये, सोबत कैलास लेण्याची चार ओळींची माहिती आणि विणणारीचं नाव असलेली चिठ्ठी. आणि तोही सोंडेविना, अंगणातल्यासारखा. घृष्णेश्वराला येणारा भाविक आणि लेणी बघायला येणारा पर्यटक ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. पहिल्याला छोटा, दुसऱ्याला मोठा, एवढं साधं गणित आहे.

गटानं व्यापाऱ्याला उलट निरोप धाडला आहे : 500 नाही, 100 नग, मजुरी 200 रुपये, निम्मी रक्कम आधी. गटाच्या हिशेबाच्या वहीत पहिल्यांदाच ‘तास’ नावाचा रकाना आखला आहे. व्यापाऱ्याचा फोन अजून आलेला नाही. सोमवारच्या बैठकीत सीआरपी ताई पहचान कार्डाचे अर्ज घेऊन येणार आहेत, आधार आणि फोटो बरोबर आणा असं सगळ्यांना कळवलं आहे.