बोकड अंदाजाने, मटण किलोने! मधला पैसा जातो कुठे?

चंद्रपूरच्या दुकानात मटण काट्यावर मोजून मिळते. तेच जनावर एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातील गावातून निघते, तेव्हा अनेकदा काटा नसतोच. व्यापारी पाठीवर हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि आकडा सांगतो. शहरातला वाढलेला दर गावापर्यंत पूर्ण का पोहोचत नाही, हे इथूनच समजते.

हिशेब कुठे बिघडतो?

२० किलोच्या बोकडापासून साधारण ९ ते १० किलो मटण निघते. उदाहरणासाठी जिवंत वजनाचा भाव ३०० रुपये किलो धरू. बोकडाचे ६ हजार रुपये व्हायला हवेत. अंदाज १७ किलोचा लागला, तर हातात ५,१०० येतात. भाव न पाडताही ९०० रुपये गेले.

सगळा फरक खाटकाचा नफा नसतो. वाहतूक, प्रवासात घटणारे वजन, दुकानभाडे आणि न खपलेला माल त्यातूनच भागतो. मुंडी, पाय, वजडीचे पैसे मात्र त्याला वेगळे मिळतात.

दर लगेच चढतो, उतरतो उशिरा. का?

बोकड महाग पडला की दुकानदार लगेच दर वाढवतो, नाहीतर भांडवल अडकते. स्वस्त पडला तर शेजारचा दर उतरवेपर्यंत तो थांबतो. गावात उलटे होते. मंदी आली की व्यापारी ती पहिल्याच फेरीत सांगतो, तेजी कुणी सांगत नाही. त्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला, तर गिऱ्हाईकच येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत रोवणीसाठी पैसा लागतो. गरज विकणाऱ्याची असते, त्यामुळे भाव घेणारा ठरवतो.

ब्रॉयलर कोंबडीचे काय?

करारावरील पालनात पिल्ले, खाद्य कंपनीचे. शेतकऱ्याला किलोमागे पालनाचा मोबदला मिळतो. बाजार पडला तरी थेट फटका कमी, पण चढला तरी वाढीव पैसा त्याचा नाही. पुढची पिल्ले उशिरा आली, तर शेड रिकामे राहते. स्वतंत्र शेतकरी मात्र पूर्ण झळ सोसतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोनाच्या अफवेने कोंबडीचे भाव उत्पादन खर्चाखाली गेले होते. जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे बर्ड फ्लू आढळला. अशा वेळी भरपाई मिळते ती प्रशासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. पडलेल्या भावाची नाही.

उपाय काय?

आठवडी बाजारात जनावरांचा वजनकाटा आणि जिवंत वजनाच्या दराचा फलक, एवढ्यानेही सौदा बदलू शकतो. पाच-दहा घरांनी बोकड एकत्र विकले, तर व्यापाऱ्याची फेरी वाचते आणि भाव मागता येतो. ज्या घरात शाळेची फी आणि दवाखाना बकरीवर भागतो, तिथे तीन किलोंची चूक लहान नसते.