आधी बंदी, मग अभ्यास

भारतातील रामसर स्थळांची संख्या आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. २०१३ पर्यंत ती २६ होती. ही वाढ स्वागतार्ह आहे, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु पाणथळ भूमीचे नाव यादीत घालण्यास एक अधिसूचना पुरते, ती भूमी जिवंत ठेवण्यास मात्र तिचे ज्ञान लागते. ह्या दोहोंमधील अंतर किती महाग पडते, ते पाहण्यासाठी १९८१ साली ह्या यादीत शिरलेल्या पहिल्या दोन भारतीय नावांपैकी एकाकडे वळावे लागते. त्यांतले एक चिलिका आणि दुसरे राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव.

केवलादेवाच्या मंदिराजवळ शिकारींची नोंद कोरलेले शिलालेख आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, असे तेथे वाचायला मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्या आकड्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणवठे निसर्गाने घडवलेले नाहीत. अठराव्या शतकातील अजान बांध, पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी घातलेले बंधारे, पाणी सोडणारी दारे आणि त्यात डुंबणाऱ्या आसपासच्या गावांच्या म्हशी ह्या सर्वांनी मिळून ते घडले. माणूस आणि गुरे वगळून येथे ‘मूळ निसर्ग’ शिल्लक राहील, ही कल्पनाच इतिहासाला धरून नव्हती.

ह्याच पाण्यात सायबेरियन क्रौंच हिवाळा काढीत असे. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा हा पक्षी पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून येई. आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाचे एक संस्थापक रॉन सॉवी ह्यांनी सत्तरच्या दशकात भरतपुरात राहून त्याचा बारकाईने अभ्यास केला. उथळ पाण्यात उभे राहायचे, चोच चिखलात खुपसायची आणि लव्हाळ्याचे कंद उकरून खायचे, असा त्याचा दिनक्रम होता. म्हणजे त्याला नुसते पाणी पुरत नव्हते. पाण्याची विशिष्ट खोली आणि चोच आत शिरू देणारा मोकळा तळ, दोन्ही लागत.

नोव्हेंबर १९८२ मध्ये, राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जाबरोबर, तेथे गुरे चारण्यावर बंदी आली. सालिम अली ह्यांच्यासह देशातील मान्यवर निसर्गतज्ज्ञांचे मत बंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. गुरे बाहेर गेली.

पुढचा भाग धोरणकर्त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० साली केवलादेवाचा दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. डॉ. व्ही. एस. विजयन ह्यांच्या नेतृत्वाखाली तो दशकभर चालला. बंदी अभ्यासाच्या मधेच आल्यामुळे संशोधकांना बंदीपूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता आली. निष्कर्ष स्पष्ट होता. म्हशी जाताच पास्पालम नावाचे गवत पाण्यावर माजले, त्याच्या जाळीने उघडे पाणी व्यापले आणि पाणपक्ष्यांना ते अडचणीचे झाले. मर्यादित चराई हितकर ठरेल, असे संशोधकांनी सांगितले. ज्या संस्थेशी सालिम अलींचे नाव आयुष्यभर जोडलेले होते, तिच्याच संशोधकांनी त्यांच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा निःसंकोचपणे मांडला. ह्याचे मोल मला फार वाटते.

तरी बंदी उठली नाही, कारण उठवता येत नव्हती. वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३५ राष्ट्रीय उद्यानात चराईला वावच देत नाही. अभयारण्यात ती नियमनाखाली चालू शकते, उद्यानात नाही. दर्जा ‘वाढवला’ की व्यवस्थापनाचे एक साधन हातातून जाते, हे त्या नस्तीवर टिपण लिहिणाऱ्या कोणा अधिकाऱ्याच्या ध्यानात आले असेल का, असा प्रश्न मला सेवेत असल्यापासून पडत आला आहे. मधला मार्ग म्हणून गावकऱ्यांना गवत कापून नेण्याचे परवाने दिले गेले. विळा म्हशीची जागा थोडीफार घेतो, पण विळेवाला छातीभर पाण्यात उतरत नाही.

क्रौंचाचे काय झाले? साठच्या दशकात भरतपुरात सुमारे दोनशे येत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास चाळीसच्या आसपास उरले. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी दिसली आणि त्यानंतर कोणीही नाही. ह्याचा सारा दोष चराईबंदीवर टाकणे अन्यायाचे होईल. घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि वाटेवरील देशांतील शिकार व अफगाणिस्तानातील युद्ध ही कारणे भरतपूरच्या कुंपणाबाहेरची होती. त्यांवर उपाय म्हणून १९९३ साली सर्व संबंधित देशांसाठी सामंजस्य करार झाला, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लेही सोडून पाहिली; पण तोवर ह्या मार्गाने येणारे पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. चीनच्या पोयांग सरोवरावर पूर्वेकडचे काही हजार क्रौंच आजही उतरतात. इराणात मात्र कित्येक हिवाळे एकच नर येत राहिला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ओमिद, म्हणजे आशा.

केवलादेवाचे दुखणे पुढे पाण्यावर गेले. पांचना धरणाचे पाणी सोडण्यास करौलीच्या शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि २००४ नंतर काही वर्षे उद्यान कोरडे पडले. त्यानंतर चंबळ आणि गोवर्धन नाल्याचे पाणी आणावे लागले. येथेही हिशेब तोच आहे: किती पाणी, कोणत्या महिन्यात, किती खोलीपर्यंत. ह्याची उत्तरे विजयन ह्यांच्यासारखे दहा वर्षे चिखलात उभे राहणारे लोकच देऊ शकतात, आणि एवढ्या मुदतीच्या अभ्यासाला पैसा देणारे शीर्षक आपल्या अर्थसंकल्पांत सहसा नसते. इस्रोच्या उपग्रहनोंदीनुसार देशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागा दोन लाखांवर आहेत. त्यांतील रामसर स्थळांपुरते तरी, दर्जा बदलण्यापूर्वी तेथील चराई, मासेमारी आणि गवतकापणी ह्यांचा पक्ष्यांवरील परिणाम किमान काही वर्षे मोजून तो अहवाल अधिसूचनेच्या प्रस्तावाला जोडावा, अशी अट २०१७ च्या पाणथळ नियमांत घालता येईल. त्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. मंत्रालयाला नियम दुरुस्त करता येतात. कलम ३५ मध्ये अभ्यासाधारित अपवादाची सोय करणे मात्र संसदेच्याच हाती आहे.